पिस्टन रिंगची ओटी

आमच्या अण्णांच्या मोटारसायकलला चालायला दोनच गोष्टी लागतात : पेट्रोल आणि गाव. पेट्रोल टाकीत घालायला आणि गाव मागून ढकलायला.

अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर झाले, पण स्टिअरिंग सुटलं नाही. झोपेतसुद्धा त्यांचे हात गोल गोल फिरतात. (आई होती तेव्हा घाटाचं वळण आलं की पांघरूण तिच्या अंगावरून जायचं.) ही मोटारसायकल त्यांनी ऐन उमेदीत घेतलेली. टू-स्ट्रोक. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, गाडीला मात्र ते कुणी कळवलं नाही. आवाज असा, की अण्णांनी तिकडं फाट्यावर किक मारली की इकडं गावात तवे चुलीवर चढतात. धूर असा, की मागून येणारा भरदुपारी लाइट लावतो.

या गाडीला वर्षातून एकदा मोठा मान असतो. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आमच्या गावची पोरं तुळजापूरला जातात, देवीच्या दारात ज्योत पेटवून घेतात आणि ती हातोहात पळवत गावात आणतात. ज्योतीच्या पुढं एक मोटारसायकल चालते. तिनं हॉर्न मारायचा, ट्रकवाल्यांना बाजूला घ्यायचं आणि पळणाऱ्या पोरांच्या वेगानं गावापर्यंत यायचं. ती मोटारसायकल अण्णांची. पहिल्या वर्षी गावात दुसरी मोटारसायकलच नव्हती, म्हणून. पुढं घरटी दोन-दोन झाल्या, पण मान अण्णांकडंच राहिला. वेशीत आई गाडीच्या चाकावर पाणी घालायची, हँडलला कुंकू लावायची. आई गेल्यावर ते सविता करते. (सविता म्हणजे माझी बायको.) अण्णा दिवाळीला नवा सदरा शिवत नाहीत, ज्योतीला शिवतात. एवढ्यावरून काय ते समजा.

तर श्रावणात एका सकाळी अण्णांनी किक मारली आणि गाडी नुसतीच खोकली. दुसरी मारली, तिसरी मारली. वीस-पंचवीस किका झाल्यावर गाडीऐवजी अण्णाच सुरू झाले, आणि ते जे काही बोलले ते ऐकून शेजारच्या शकूवहिनीनं पोरांना घरात घेऊन दार लावलं.

गाडी फाट्यावर जब्बारभाईच्या गॅरेजला ढकलत नेली. जब्बारभाईनं इंजिन उघडलं, आत टॉर्च मारली आणि चष्मा काढून पुसला. ऑपरेशन करून बाहेर आलेले डॉक्टर पुसतात, तसा.

"अण्णा, इंजनात दमच न्हाय राह्यला. पिस्टनच्या रिंगा खलास. एकीचं तर दोन तुकडं झालेत."

"मग नव्या टाक."

"नव्या? अण्णा, ह्या गाडीच्या रिंगा म्या शेवटच्या बघितल्या तवा माझ्या डोक्यावर केस व्हते."

अण्णांनी जब्बारभाईच्या डोक्याकडं पाहिलं आणि त्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

नेमके तेव्हाच बापूकाका तिथं हवा भरायला आले. बापूकाका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ, आणि हवा भरायला आले होते नव्याकोऱ्या मोटारसायकलवर. तिला किक नाही, नुसतं बटन.

"दादा, कशाला जीव जाळता? ह्या साली ज्योतीच्या म्होरं माझी गाडी घालू. बटन दाबलं की चालू. लाथ मारायची गरजच न्हाय."

अण्णा शांतपणे म्हणाले, "बापू, लाथ न खाता चालू होती, त्या गाडीला शिस्त नसती."

पण घरी येताना त्यांच्या रिकाम्या मुठी हँडल धरल्यासारख्या वळलेल्या होत्या. मंडळाची पोरंही संध्याकाळी येऊन अंगठ्यानं जमीन उकरत बोलून गेली, "अण्णा, गाडी चालू झाली तर म्होरं तुमीच. न्हायच झाली तर मंग... बापूकाका म्हणत्यात..." अण्णा म्हणाले, "बघू." आणि मी माझ्या आयुष्यातलं सर्वात महाग वाक्य बोललो :

"अण्णा, रिंगा मी आणतो!"

(इथं माझी ओळख करून देतो. मी धाराशिवच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक आहे. परीक्षानळ्या धुतो. गावात मला 'सर' म्हणतात आणि मी कुणाची चूक दुरुस्त करत नाही.)

जब्बारभाईनं मोडकी रिंग नमुना म्हणून माझ्या शर्टाच्या खिशात टाकली आणि मी निघालो. धाराशिवची झाडून सगळी दुकानं फिरलो. पहिला दुकानदार गाडीचं नाव ऐकून हसला. दुसऱ्यानं आतून वडलांना बोलावलं, मग दोघं मिळून हसले. तिसऱ्यानं हात जोडले आणि "तुमची गाडी अजून हाय?" असं, मेलेल्या माणसाची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं. मोबाइलवरून मागवून पाहिल्या, तर खोक्यातून गाडीच्या नावाची किल्लीला अडकवायची साखळी आली. लातूर झालं, बार्शी झालं. एका ठिकाणी तसलंच इंजिन घडघडताना दिसलं म्हणून एसटीतून उडी मारली, तर त्यावर कडबाकुट्टी चालू होती आणि मालक हातात कोयता घेऊन उभा. मी फक्त "रामराम" म्हणालो आणि पुढची एसटी धरली.

शेवटी कुणीतरी सांगितलं, भूमला जा. तिथं एकाचं जुन्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गेलो. दुकान होतं, पण मालकानं कधीच स्पेअर पार्ट सोडून खव्याचा धंदा धरला होता. बाहेर भट्टी, कढई, ढणाढणा जाळ.

"रिंगा?" मालक खवा हलवता हलवता म्हणाला. "माळ्यावर डबा हाय एक. पर खाली काढायला माणूस चढवावा लागंल. खवा किती देऊ?"

मी म्हणालो, "पाव किलो."

"पाव किलोला माणूस चढत न्हाय, सर."

दोन किलोला माणूस चढला. गंजलेल्या डब्यातून तेलकट कागदाची एक चपटी पुडी निघाली आणि तिच्यात दोन रिंगा! नमुन्याशी तंतोतंत जुळणाऱ्या! बांगडीएवढ्या, चमच्याच्या दांड्याहून बारीक. मी त्या कपाळाला लावल्या. परतीच्या एसटीत एका मांडीवर रिंगा, दुसऱ्या मांडीवर खवा. धाराशिव येईपर्यंत एक मांडी हलकी झाली होती. (रिंगांची नव्हे.)

जब्बारभाईनं रिंगा उजेडात धरून पाहिल्या. "माल अस्सल हाय, सर! पर सिलिंडर घासायला सोलापूरला गेलंय, ते येईस्तोवर घरी नीट ठेवा. ओतीव बिडाच्या हैत. वाकत न्हाईत, काचंगत मोडत्यात. दाब लागू देऊ नगा, हात लागू देऊ नगा."

आता आमच्या घरात हात न लागणारी जागा कुठली? देवघरात अण्णा, फडताळात सविता, माळ्यावर उंदीर. मी प्रयोगशाळेचा माणूस, शास्त्रीय विचार केला. मऊ पाहिजे, चपटं पाहिजे आणि वर्षानुवर्षं कुणी उलगडलेलं नसलं पाहिजे. कपाट उघडलं आणि उत्तर समोरच दिसलं : सविताला हळदीकुंकवात, ओटीत मिळालेले ब्लाऊजपीस! घडीच्या घडीत थप्पी लावलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यातला एकही शिवलेला मी पाहिला नाही. मधल्या एका पीसच्या घडीत, पुठ्ठ्याच्या मागं, मी ती पुडी अलगद सरकवली. बाहेरून काहीसुद्धा कळेना. स्वतःच्या बुद्धीचं मला इतकं कौतुक वाटलं, की उरलेला खवा मी तिथंच उभ्यानं संपवला.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे घरात चालायला जागा नसते; दोन उभ्या लक्ष्म्या, त्यांच्यापुढं फराळाचे डोंगर आणि संध्याकाळी हळदीकुंकवाला अख्ख्या गावच्या बायका. त्या गर्दीत मी दोन दिवस गच्चीवर काढले.

सिलिंडर सोलापूरहून आलं तोवर पितृपक्ष लागला होता. जब्बारभाईचा फोन आला, "सर, रिंगा घेऊन या." मी शीळ घालत कपाट उघडलं. थप्पी अर्धी झाली होती.

"सविता! हितला ब्लाऊजपीस कुठाय?"

"कुठला?" ती आतून म्हणाली.

"निळा... म्हंजे हिरवा. निळा-हिरवा!"

"मोरपंखी?"

"तोच असंल!"

"तो महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला दिला की शकूवहिनीला." मग ती हात पुसत बाहेर आली. "आन् तुमाला काय करायचाय ब्लाऊजपीस?"

मी सांगितलं. सविता ओरडली नाही. ती हळूच कॉटवर बसली. ती ओरडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

"आवो, रिंगा ठिवाया अख्ख्या घरात तुमाला ब्लाऊजपीसच घावला?"

"तू कवा शिवत न्हाईस ते! वर्षानुवर्षं पडूनच असत्यात!"

"पडून नसत्यात!" आता ती ओरडली. "फिरत असत्यात!"

त्या दिवशी मला संसारातलं एक मोठं गुपित कळलं. ओटीतला ब्लाऊजपीस हा शिवण्यासाठी नसतोच, तो पुढं देण्यासाठी असतो. हा मोरपंखी पीस सविताला परंड्याच्या मावशीनं दिला होता, मावशीला तो तिच्या विहिणीनं दिला होता, आणि विहिणीकडं कुठून आला ते सांगणारी माणसं आता हयात नाहीत. एवढा प्रवास करून त्याची घडी मोडलेली नव्हती! एसटी महामंडळाच्या कुठल्याही गाडीनं इतकं सुरळीत काम केलेलं नाही. (हे अण्णांना सांगू नका.)

"मग मागून आण," मी म्हणालो.

"दिलेली ओटी माघारी मागू? माझं नाक काय जब्बारभाईकडं दुरुस्तीला टाकलंय?"

म्हणून मीच गेलो. शकूवहिनी अंगणात शेंगा फोडत होत्या. मी अगदी सहज विचारल्यासारखं केलं, "वहिनी, सवितानं दिलेला तो मोरपंखी पीस... बरा निघाला का?"

वहिनी क्षणभर गडबडल्या. मग एकदम गोड हसून म्हणाल्या, "लई झ्याक! शिवायला टाकलाय की."

शिवायला! माझ्या डोळ्यांपुढं कात्री आली. कात्रीखाली रिंगा आल्या. मी चप्पल न घालता दिगू शिंप्याच्या दुकानाकडं पळालो आणि दारातूनच ओरडलो :

"दिगूभाऊ, थांबा! शकूवहिनीच्या ब्लाऊजला हात लावू नका!"

दुकानात चौघं पेपर वाचत बसले होते. चारी पेपर एकदम खाली आले.

दिगूनं मशीन थांबवली. "शकूवहिनीच्या ब्लाऊजची तुमाला काय काळजी लागलीया, सर?"

"तसं न्हाय हो! मोरपंखी पीस. तुमच्याकडं शिवायला टाकलाय ना त्यांनी?"

"सर," दिगू सुईत दोरा ओवत म्हणाला, "ओटीतला पीस ह्या मशीनखाली आजवर आल्याला न्हाय. तसला येक येक आला असता, तर माझा दुसरा मजला झाला असता."

मी परत आलो, पण बातमी माझ्या आधी पोचली होती. संध्याकाळपर्यंत पारावर तिला फांद्या फुटल्या. सर गावभर बायकांचे ब्लाऊजपीस विचारत फिरतेत. सर शिवणक्लास काढणार हैत. सर नोकरी सोडणार हैत. एकजण तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, लाजू नगा, माझ्या मेव्हण्याला बी आसंच झालं व्हतं. सोलापूरला डॉक्टर हाय."

रात्री जेवताना अण्णांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "काय रं, गावात काय ऐकतोय म्या?"

"कॉलेजचं काम हाय, अण्णा."

"कॉलेजात ब्लाऊज लागत्यात?"

"प्रयोगाला," मी म्हणालो. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "रिंगा बसल्या का?"

"जब्बारभाईकडं लई गर्दी हाय."

"जब्बारकडं?" अण्णा म्हणाले. "त्याच्याकडं तर कुत्रं बी झोपल्यालं असतंय." आणि हात धुऊन ते बाहेर गेले. अंगणात गाडीच्या, इंजिन काढून घरी आणलेल्या नुसत्या सांगाड्यावरून ते फडकं फिरवत बसले. इंजिन फाट्यावर, आणि हे इथं मडगार्ड चमकवताहेत! सविताला ते बघवेना.

"तुमी आता गप घरात बसा," ती मला म्हणाली. "म्या बघती."

दुसऱ्या दिवशी तिनं शकूवहिनीला गोठ्यामागं गाठलं. तिथं काय झालं ते मला पूर्ण ठाऊक नाही, पण पाच मिनिटांत वहिनींनी कबूल केलं : पीस शिवायला टाकलाच नव्हता. हळदीकुंकवाच्या त्याच संध्याकाळी त्यांनी तो अंगणवाडीच्या बाईंना दिला, बाईंनी वाटेवरच्या घरात हळदीकुंकू घेऊन तिथं दिला, आणि तिथून तो... माझ्या रिंगांनी एका संध्याकाळीत जेवढं गाव पाहिलं, तेवढं आमच्या पोस्टमननं अजून पाहिलेलं नाही!

"आन् आता कुणाकडं हाय?" मी अधीर होऊन विचारलं.

सविता म्हणाली, "बसा आधी."

मी बसलो.

"बापूकाकांच्या घरी, काकूकडं."

मी उभा राहिलो. परत बसलो. अण्णांच्या गाडीचा जीव बापूकाकांच्या घरात, काकूंच्या पत्र्याच्या पेटीत! मागायला जावं, तर बापूकाका विचारणार कशाला. खरं सांगावं, तर ज्योत होईपर्यंत ती पेटी उघडायचीच नाही. आणि काकूंनी पीस आपणहून दिला तरच मिळणार. पण आता पितृपक्ष. पंधरा दिवस हळदीकुंकू बंद, ओट्या बंद. ब्लाऊजपीसचा अख्खा बाजार थंड!

"संपलं," मी म्हणालो.

"काय संपलं? नवमी हाय की!"

आणि मला पहिल्यांदा वाटलं की प्रयोगशाळेत मी नव्हे, हिनं काम करायला पाहिजे. अविधवा नवमी! पितृपक्षात तेवढा एक दिवस असा, की ज्या घरातली बाई सवाष्ण गेली तिथं सवाष्ण जेवायला घालतात आणि तिची ओटी भरतात. आमच्या आईची असते. आणि काकूंची सासूही सवाष्णच गेलेली!

"पण काकू दर साली शकूवहिनीला बोलवत्यात," मी म्हणालो.

"औंदा शकूवहिनीची दाढ दुखणार हाय."

"तुला कसं ठाऊक?"

"'शिवायला टाकलाय' म्हणल्याली गोष्ट म्या कुणाला सांगू नये म्हणून दुखणार हाय."

आणि खरंच दुखली! नवमीच्या आदल्या दिवशी वहिनी गालाला मफलर बांधून गावभर फिरल्या. काकूंनी सविताला आवतण दिलं. आमच्या घरची नवमी सवितानं माझ्या धाकट्या बहिणीला बोलावून सकाळीच उरकून घेतली आणि मग कपाटातून मोरपंखी साडी काढली.

"हीच कशाला?" मी विचारलं.

"पेटीत पन्नास पीस असतील. काकू मला कंचा देतील? साडीला मॅचिंग बघून देतील. तुमी फकस्त तोंड उघडू नगा. जेवाया सोडून."

कारण आवतण मलाही होतं आणि अण्णांनाही. बापूकाका भांडण वर्षभर जपतात, पण पंगतीला बोलवायला चुकत नाहीत. आम्ही तिघं पुरुष ओळीनं बसलो. पुरणपोळी, येळवणीची आमटी, भजी. बापूकाका मधूनच म्हणायचे, "दादा, तूप घ्या. ज्योतीला आमच्या मागनं चालायला ताकद पायजे." अण्णा निमूट तूप घ्यायचे. मी आमटी पीत होतो आणि आतल्या खोलीकडं डोळा ठेवून होतो.

सविताचं जेवण झालं. काकूंनी पाट मांडला, कुंकू लावलं आणि पेटी उघडली. आणि नेमकी लाइट गेली!

आतल्या खोलीत तसाही उजेड कमीच. मोरपंखी साडी त्या अंधारात काळी दिसत होती. काकूंनी पेटीत हात घातला, वरचा पहिला पीस उचलला. लाल. नारळ घेतला, तांदूळ घेतले. सविताची पाठ ताठ झालेली मला इथून दिसली. ती तोंडानं मागू शकत नव्हती. काकूंचा हात तिच्या पदराकडं निघाला. आता हा लाल पीस पदरात पडला की पेटी बंद, आणि पेटी बंद की अण्णा ज्योतीच्या मागं, बापूकाकांच्या बटनाच्या गाडीमागं...

"काकू, मोरपंखी द्या की! साडीला मॅचिंग व्हईल!"

हे कोण ओरडलं म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. सगळे माझ्याकडं पाहत होते.

बापूकाकांचा घास वाटेत थांबला होता. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. काकू हातात लाल पीस धरून उंबऱ्यात आल्या.

"माझ्याकडं मोरपंखी हाय, ते तुला कसं ठाऊक रं?"

माझ्या तोंडात भजं होतं. ते मी गिळलं, अख्खं. "आ... असतोच की, काकू. समद्यांच्या घरी येक असतोच."

"पोरा," बापूकाका हळू आवाजात म्हणाले, "लोक कायबी बोलत्यात असं म्या म्हणत व्हतो. दादा, ह्याला येकदा दाखवून आणा."

"दाखवतो," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

आतून सविताचा आवाज आला, एकदम मधाळ. "जाऊ द्या हो काकू, त्यांचं काय मनावर घेता. पर मला बी मोरपंखी लई आवडतो, आसला तर."

काकूंना सविताची दया आली असावी. (असला नवरा पदरी पडलेल्या बाईला निदान पीस तरी मनासारखा मिळावा!) त्यांनी पेटी दाराच्या उजेडात ओढून तळापर्यंत उपसली आणि तो काढला. घडी न मोडलेला. सवितानं तो पदरात घेतला तो असा, की लहान लेकरूही कुणी इतकं जपून घेत नाही.

घरी येऊन आम्ही दार लावलं. सवितानं घडी उलगडली. पुठ्ठा. पुठ्ठ्यामागं पुडी. पुडीत रिंगा! दोन्ही अखंड! फक्त डांबरगोळ्यांचा वास येत होता.

"हे काय हाय?" मागून अण्णांचा आवाज.

मग सगळं सांगावं लागलं. भूम, खवा, कपाट, दिगू शिंपी, दाढ, साडी. अण्णा ऐकत गेले. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, मग ते भिंतीला टेकून खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसता म्हणाले, "तुझी आई आसती तर बसल्या जागी सांगितलं आसतं तिनं, रिंगा कुणाच्या पेटीत हैत त्ये. गावातला येक येक पीस तिला वळखत व्हता." आणि सदऱ्यानं डोळे पुसून म्हणाले, "चल, जब्बारचं कुत्रं उठव."

ज्योतीच्या दिवशी तुळजापूरच्या रस्त्यावर अण्णांनी नव्या सदऱ्यात किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी अशी कडाडली, की शेजारी उभ्या लक्झरीतले भाविक जागे होऊन चपला शोधायला लागले. "आई राजा उदो उदो!" करत पोरं पळायला लागली. पुढं अण्णा, मागं ज्योत. बापूकाकाही हट्टानं नवी गाडी घेऊन आले होते, आणि मान नाही तर नाही, निदान अण्णांच्या लगेच मागं चालायचं म्हणून धुराच्या पट्ट्यात सापडले होते. वेशीत पोचले तेव्हा त्यांचा पांढरा सदरा राखाडी झाला होता आणि चेहऱ्यावर फक्त दात ओळखू येत होते. पण हसत होते. "दादा," ते म्हणाले, "गाडी कसली, धुरांडं हाय! पर चालली, मर्दा!"

सवितानं चाकावर पाणी घातलं, हँडलला कुंकू लावलं, नारळ ठेवला आणि गाडीची ओटी म्हणून तो मोरपंखी खण हेडलाइटला बांधला. त्यावर तेलाची दोन वर्तुळं उठलेली होती.

गर्दीतून काकू पुढं आल्या. खण त्यांनी ताबडतोब ओळखला. "आगं सविता! म्या येवढ्या हौसेनं दिला, आन् तू गाडीला बांधलास व्हय? शिवायचा व्हता की!"

"शिवायला टाकला व्हता, काकू," सविता म्हणाली. "दिगूला येळच न्हाय." मागं उभ्या शकूवहिनींना एकदम खोकला आला.

एवढ्यात जब्बारभाई गर्दीतून वाट काढत आला आणि त्यानं माझ्या हातात एक कागदाची पुडी ठेवली. "सर, गाडीच्या क्लचप्लेटा! आता ह्यांची पाळी हाय. लई मुश्किलीनं मिळाल्यात, नीट सांभाळून ठेवा."

मी पुडी हातात धरून सविताकडं पाहिलं. "कुठं ठेवू?"

"तुमच्या डोक्यात ठेवा," ती म्हणाली. "जागा बख्खळ हाय, आन् तिकडं कुणी हळदीकुंकवाला बी फिरकत न्हाय."

अण्णांनी गंभीरपणे मान डोलावली. जब्बारभाईनं तेवढ्यात माझ्या कपाळावर टिचकी मारून, कान लावून ऐकलं.

"बराबर हाय, वहिनी," तो म्हणाला. "आवाज रिकाम्या टाकीचाच येतोय."